जुन्या रिळांचे डबे भंगारात देऊ नका

महोदय,

महिला बातमीदारावरच्या हरवलेल्या मूकपटाविषयीचा लेख वाचला. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले, उरले मोजकेच. आपल्या खेड्यांत टुरिंग टॉकीजच्या जुन्या सामानात रिळाचा डबा सापडला, तर कृपया भंगारात देऊ नका. त्या काळची ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या सेल्युलोज नायट्रेटपासून बनवलेली. सडू लागली की ती चिकट होते, उग्र वास सुटतो, शेवटी तपकिरी भुकटी. अशी सडकी फिल्म ४१ अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकते आणि मे महिन्यात आपल्या टिनाखाली पारा त्याहून वर असतो! डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. कोंडलेल्या वायूने सड वाढते. प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नका. घराबाहेर, सावलीत, विस्तवापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

– काही चित्रपटप्रेमी, जि. यवतमाळ