लिफ्टच्या दारात बसलेल्या काकांना

ती. काकांना,
सा. नमस्कार.

व्हायव्हा झाली, पेढे वाटून झाले, पण त्या रात्रीबद्दल तुमच्याशी बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

ग्राफाइटवर ट्रायमेसिक आम्लाची जाळी विणली जाताना स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपनं, म्हणजे सुईसारखं टोक पृष्ठभागावरून फिरवून रेणू दाखवणाऱ्या यंत्रानं पाहायची, एवढंच माझं काम होतं. बेंझिनचं एक कडं, त्याला 120 अंशांवर तीन हात, असा तो रेणू. सेलोटेपनं ग्राफाइटचा वरचा पापुद्रा काढायचा, नोनॅनॉइक आम्ल या तेलकट द्रवातल्या द्रावणाचा थेंब सोडायचा. पुढे कुणी काही मांडत नाही. रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरतात आणि सहा-सहांची षट्कोनी घरं होतात, आतली पोकळी जेमतेम 1 नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटून परत द्रावणात जातो, कारण बंध दुबळे असतात. याचं मला अजूनही नवल वाटतं.

सात महिने मला पडद्यावर जाळीऐवजी नुसते पट्टे दिसले. यंत्राच्या कंपनीचा माणूस येऊन ‘सॅम्पल घाण आहे’ म्हणून निघून गेला. एका वरिष्ठांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सुनावलं, हाताला जमत नसेल तर सिम्युलेशन कर. ते मी विसरलेले नाही. त्यांच्यातलं एकही माणूस पाच मिनिटं यंत्राजवळ बसलं नव्हतं.

तुम्ही बसलात. वर्कशॉप बंद करून आलात, “खवट तेलाचा वास येतोय गं,” म्हणालात आणि टेबलावर तळहात टेकवून गप्प राहिलात. मग म्हणालात, “पोरी, लिफ्ट हलली की तुझा पट्टा येतो.” यंत्राचं टोक पृष्ठभागापासून 0.1 नॅनोमीटर लांब गेलं की दोघांमधला विद्युतप्रवाह साधारण दहापट घटतो, हे मला तोंडपाठ होतं. हे यंत्र शोधणाऱ्या बिनिग आणि रोरर यांनी 1981 मध्ये झुरिकला कंपनं टाळायला रात्री मोजमापं घेतली, हेही वाचलं होतं. भिंतीपलीकडची लिफ्ट मात्र कधी मनात आली नव्हती.

रबराचे तुकडे, तारांची बांधाबांध, तुम्ही बरंच केलंत. पण मला आठवते ती खुर्ची. रात्री साडेनऊला लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून तुम्ही बसलात आणि येईल त्याला सांगत राहिलात, “जिन्यानं जा बाबा, आत पोरीचं काम चाललंय.” एका विभागप्रमुखांनाही तेच सांगितलंत. माझ्या धडपडीला ‘काम’ म्हणणारं त्या इमारतीत तोवर कुणी भेटलं नव्हतं. कुणी सांगितलेलं नसताना, कागदावर नाव येणार नाही हे माहीत असताना दुसऱ्याच्या कामाची अशी राखण करणारी माणसं आहेत, म्हणून प्रयोगशाळा चालतात.

अकरानंतर पडद्यावर जाळी आली. षट्कोनाला षट्कोन लागून, साधारण 1.6 नॅनोमीटरच्या अंतरानं, पार कडेपर्यंत. मी रडत बाहेर आले तेव्हा तुम्ही खुर्ची उचलून ठेवत होतात.

तुमची शेवटची बस चुकली होती आणि तुम्ही चालत घरी गेलात, हे मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोरगी