मित्रास पत्र : आत्याबाई बोलली

प्रिय मित्रा,

आत्याबाई काल बोलली. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर 'बरा आहेस ना?' असं विचारलं असतं, म्हणून तुलाच लिहितोय. तुझ्या पत्रांना उत्तर नाही दिलं, त्याबद्दलच्या शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकरकमी दे. प्रकृती ठीक. पाठ दुखते, पण ती दुखतच असते.

बोलली म्हणजे, नाटकाच्या तिसऱ्या प्रवेशात जावई घर विकायचा विषय काढतो आणि ती नुसती बसून राहते, आठवतं? सगळं तिथेच अडलं होतं. काल म्हणाली, "विका की. पण आधी माझ्या खोलीची किल्ली शोधा." त्यापुढे दोन पानं सलग आली. तू तो प्रवेशच कापायला निघाला होतास, हे मी आत्ता काढत नाही. (काढलंच.)

पण लिहायचं कारण वेगळं आहे. मला लिहायला मिळतो रात्रीचा पाऊण तास. दिवसभर हिशेब, मेल, बैठका. वही उघडतो तेव्हा डोकं अजून दुपारच्या बैठकीतच भांडत असतं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये यावरच लिहिलंय : एक काम सोडून दुसऱ्याला हात घातला तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामाला चिकटून राहतो, आणि ते अर्धवट राहिलं असेल तर जास्तच. वाचून जीव जरा हलका झाला. सगळं खापर माझ्या आळसावर नको फुटायला.

म्हणून झटपट आत शिरायच्या वाटा शोधायला लागलो. तू नाक मुरडणार. 'लागायचा तेव्हा मूड लागेल' हे तुझं पालुपद, त्यावरून आपण नानांच्या गच्चीवर पहाटेपर्यंत भांडलोय. ज्याचा दिवस मोकळा त्याने बसावं वाट बघत, लेका.

एडिसन म्हणे हातात धातूचे गोळे धरून डुलकी काढायचा. डोळा लागला की गोळे पडायचे आणि हा आवाजाने उठून कामाला लागायचा. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासून पाहिलं. आकड्यांच्या कोड्यात एक छुपी पळवाट ठेवली होती. झोपेच्या पहिल्या, अगदी हलक्या टप्प्यात थोडा वेळ गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि आणखी गाढ झोपेत गेलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना. मी चमचा धरून बसलो. चमचा पडला, मी उठलो नाही. सकाळी बायकोने तो उचलून शांतपणे विचारलं, "हे नाटकातलं का?"

चालणं त्यापेक्षा बरं. स्टॅनफर्डच्या २०१४ सालच्या प्रयोगात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. मात्र जिथे नेमकं एकच उत्तर हवं होतं, तिथे चालणारे किंचित मागेच पडले. हे मला तंतोतंत पटलं. फेरी मारून आलो की आत्याबाईला ढीगभर वाक्यं सुचतात, सगळी चटपटीत आणि सगळी खोटी.

शेवटी कामाला आलं ते लेरॉयबाईंचंच म्हणणं, उलटं करून. अर्धवट कामच चिकटतं ना? मग नाटकच चिकटू दे. हेमिंग्वे पुढे काय होणार हे माहीत असतानाच दिवसाचं लिखाण थांबवायचा. मी त्याहून वाईट वागतो, वाक्य मधेच तोडतो. 'जावई उठून दाराकडे' एवढं लिहून वही मिटायची. दुसऱ्या रात्री कालचं पान हाताने पुन्हा उतरवून काढायचं. 'दाराकडे'पाशी आलो की पेन थांबतच नाही, दुपारची बैठक कधी गळून पडली तेही कळत नाही.

आता काळजी. इतक्या लवकर आत जाता येतंय, त्याचीच भीती वाटते. पॉइन्कारे या गणितज्ञाला गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता गणितातलं मोठं कोडं उलगडलं, हा किस्सा सगळे सांगतात. त्याआधी तो रोज टेबलाशी बसून डोकं आपटत होता, ते कुणी सांगत नाही. किल्लीचं वाक्य त्या पाऊण तासातून आलं, का आपण काहीही न लिहिता घालवलेल्या त्या सगळ्या रात्रींमधून? मला दुसरं खरं वाटतं. मग मी सध्या नुसता जुना साठा उपसतोय, आणि आत नवीन काही पडतच नाहीये. युक्त्यांनी दार उघडतं रे, कोठार भरत नाही. घरी हे बोललो तर 'सुटी घे' म्हणतात. सुटीत मी काय करतो ते तुला माहीत आहे.

तुझी बदली झाली म्हणे, लंबूकडून कळलं. धाकटीचा निकाल काय? आईंना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, तेही कळव.

सोबत दोन्ही पानं धाडतोय. चटपटीत वाटेल तिथे रेघ मार. फक्त रेघ, कात्री नाही. आणि पुढच्या महिन्यात एक अख्खी रात्र काढून ये, वह्या घरी ठेवून. लंबूला सांगू नकोस, तो गाणी म्हणतो.

तुझाच,
बंड्या