रेडिओ केंद्राचे अर्थिंग ‘स्वतंत्र’ नको

महोदय,

हौशी रेडिओ केंद्राच्या उभारणीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. नवख्यांना हुरूप यावा असाच तो आहे. मात्र त्यातील दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत, आणि त्यांपैकी दुसरे तर जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

‘ट्यूनर लावला की अँटेना जुळते’ हे पहिले विधान. ट्यूनर (ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यामध्ये लावायचा जुळणीचा डबा) अँटेनात काहीही बदलत नाही. ट्रान्समीटरला समोर ५० ओहमचा भार दिसावा, एवढीच व्यवस्था तो करतो. त्याच्यापासून अँटेनापर्यंतच्या केबलमधला एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली आहे ते सांगणारे गुणोत्तर; १:१ म्हणजे उत्तम जुळणी) होता तेवढाच राहतो आणि लांब, बारीक कोॲक्समध्ये (जाळीचे वेष्टण असलेल्या केबलमध्ये) बरीच शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. त्यामुळे आधी अँटेना व फीडलाइन (अँटेनापर्यंत जाणारी केबल) ठरवावी आणि मग ट्यूनर निवडावा. डायपोलचा (मधोमध जोडणी असलेल्या साध्या तारेच्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर बँडच्या (वारंवारतेच्या पट्ट्याच्या) कडेला ३:१ पर्यंत जात असेल, तर रेडिओ संचातला अंगचा ट्यूनर बहुधा पुरतो. एकच तार अनेक बँडवर चालवायची असेल, तर स्वयंचलित ट्यूनर थेट तारेच्या मुळाशी बसवावा किंवा कोॲक्सऐवजी लॅडर लाइन (शिडीसारखी दिसणारी दोन समांतर तारांची जोडी) वापरावी. टी-प्रकारच्या ट्यूनरवर विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण त्यात एकाहून अधिक ठिकाणी परत येणाऱ्या शक्तीचा काटा शून्यावर येतो आणि त्यांतल्या काही जागी कॉइलच शक्ती खाते. आखूड तारेवर ३.५ मेगाहर्ट्झला मी स्वतः हा अनुभव घेतला आहे : एसडब्ल्यूआर अगदी १:१, मी खूश, आणि डब्याचे झाकण हाताला चटका देण्याइतके तापलेले! शिवाय आतून टिकटिक ऐकू येत होती, ती कपॅसिटरच्या पत्र्यांमधल्या ठिणग्यांची. जुळणी होत असेल त्यांतली जास्तीत जास्त कपॅसिटन्सची जागा निवडली की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दुसरे विधान, ‘रेडिओसाठी घराच्या अर्थिंगपासून वेगळे, स्वतंत्र अर्थिंग घ्यावे’. खिडकीखाली नवा रॉड जरूर ठोकावा. पण तो घराच्या विद्युत अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने घराबाहेरूनच जोडलेला असलाच पाहिजे. जवळपास वीज पडली की जमिनीतल्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही रॉड वेगळे असतील तर हा फरक भरून निघण्याची वाट आपल्या टेबलावरून जाते : कोॲक्सच्या जाळीतून संचात आणि संचातून वीजपुरवठ्याच्या तिसऱ्या पिनेत. मध्ये हात असेल तर हातातून. ‘गुणगुण’ थांबावी म्हणून तीच तिसरी पिन कापणारेही मला भेटले आहेत. त्यांना काय म्हणावे ते कळत नाही. गॅसच्या नळीला अर्थिंग जोडणे तर सर्वथा वर्ज्य.

वरच्या मजल्यावरच्यांसाठी आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. खाली सोडलेली साधारण १० मीटरची अर्थिंगची तार ७ मेगाहर्ट्झवर जवळजवळ पाव तरंगलांबीची होते, म्हणजे विजेच्या सुरक्षिततेसाठी ती अर्थ असली तरी रेडिओ लहरींना वरच्या टोकाला ती जवळपास तुटलेलीच भासते. मायक्रोफोन ओठाला चावतो, म्हणजे रेडिओ लहरींचा चटका देतो, तो अशाच वेळी. अशा वेळी रॉडची संख्या वाढवून उपयोग नाही. अँटेनाच्या मुळाशी चोक (केबलच्या बाहेरून परतणारा रेडिओ प्रवाह अडवणारा भाग) आणि त्या बँडची पाव तरंगलांबीची, आवरण असलेली काउंटरपॉइज तार (जमिनीच्या जागी काम करणारी मोकळी तार) यांनी काम होते. या तारेच्या मोकळ्या टोकाला मोठे व्होल्टेज असते, तेव्हा ते कोणाच्या पायात येणार नाही असे ठेवावे.

राहिला प्रश्न वादळाचा. केबल घरात शिरते तिथे, त्याच जोडलेल्या अर्थिंगवर, अरेस्टर (विजेचा लोट जमिनीकडे वळवणारे साधन) बसवावा. तरीही ढग जमण्यापूर्वीच केबल काढून तिचे टोक घराबाहेर ठेवावे. काढलेली केबल टेबलामागे लोंबकळत ठेवली, तर ठिणगीला खोलीत यायची वाट मोकळीच राहते.

– एक हौशी रेडिओचालक