टॉम रिप्लेबद्दल, सुहासला

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू घाईत होतास, बोलणं अर्धवट राहिलं. नेटफ्लिक्सवरच्या 'रिप्ले' मालिकेचे आठही भाग तू पाहून संपवलेस, छायाचित्रण आवडलं, पण टॉमशी काही सूत जुळलं नाही. "इतका थंड माणूस, त्याच्यासोबत आठ भाग कशाला काढायचे?" असं म्हणालास. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, गोष्ट कळलीच आहे, आता मूळ कादंबरी वाचायची गरज नाही. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुला परका वाटला तो मालिकेतला टॉम. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५५ साली 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले' या कादंबरीत लिहिलेला टॉम फार जवळ येऊन बसतो, आणि त्याची भीती वाटते ती त्या जवळिकीमुळेच.

आधी वयाचं बोलू. कादंबरीतला टॉम पंचवीस वर्षांचा आहे. आईबाप लहानपणीच गेलेले, बॉस्टनच्या आत्याने टोमणे मारत वाढवलेला, न्यूयॉर्कमध्ये लोकांच्या खोल्यांत आश्रय घेऊन राहणारा. आयकर खात्याचा माणूस असल्याची बतावणी करून तो लोकांना पत्रं पाठवतो, पण आलेले चेक वटवायची सोयही त्याच्याकडे नाही. म्हणजे हा गुन्हा तो जवळपास हौसेखातरच करतो! मालिकेत अँड्र्यू स्कॉट हे काम करतो तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला आहे. त्याचा अभिनय अव्वल आहे, यात वाद नाही. पण त्या चेहऱ्यावर आयुष्य आधीच येऊन गेलेलं दिसतं. तो इटलीला शेवटची संधी साधायला निघालेला वाटतो. पुस्तकातला पोरगा अजून घडायचा आहे, आपण कोण हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून इटलीत राहणाऱ्या श्रीमंत डिकीसारखं होण्याची त्याची ओढ आधी भाबडी वाटते, आणि तिचं काय होत जातं ते आपण पानापानाला पाहत राहतो.

बोटीवरचा एक प्रसंग सांगतो. डिकीच्या वडिलांनी टॉमला त्यांच्या मुलाला परत आणायला इटलीला धाडलंय, खर्च त्यांचा. केबिनमध्ये प्रवासाच्या शुभेच्छांची, फळांनी भरलेली मोठी टोपली त्याची वाट पाहत असते. अशा टोपल्या त्याने दुकानांच्या काचेआडच पाहिलेल्या, किंमत बघून हसलेला. आता ती त्याच्या नावाने आली आहे. तो हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागतो. बस, एवढंच. हायस्मिथ पुढे काही समजावत नाही. पुढे हाच पोरगा वल्ह्याने डिकीचं डोकं फोडतो आणि त्याच्याच नावाने राहू लागतो, तेव्हाही ती टोपली आपल्या मनातून गेलेली नसते. मालिकेतला टॉम असा रडत नाही. तुला तो थंड वाटला, त्यात तुझं काही चुकलं नाही.

आरशाचा प्रसंग दोन्हीकडे आहे. टॉम डिकीचे कपडे चढवून आरशासमोर त्याची नक्कल करतो आणि डिकी दारात येऊन उभा राहतो. पडद्यावर आपण दोघांना पाहतो, आपल्यालाही संकोच वाटतो. पुस्तकात आपण टॉमच्या आत असतो, त्यामुळे पकडले जातो ते आपण. पुढे एका ठिकाणी तो डिकीच्या निळ्या डोळ्यांत पाहतो आणि त्याला उमगतं की तिथे फक्त पृष्ठभाग आहे, आतला माणूस दिसतच नाही. आजवर भेटलेल्या सगळ्यांच्या बाबतीत हेच झालं, पुढेही हेच होणार. त्या परिच्छेदानंतर खून होणार हे मला कळून चुकलं होतं, आणि तरी मी टॉमच्या बाजूने होतो. हे कॅमेऱ्याने कसं दाखवणार?

मालिकेच्या स्टीव्हन झेलियनने ते दाखवायचा प्रयत्नच केला नाही, आणि इथे मी मालिकेला मनापासून दाद देतो. सगळे भाग त्यानेच लिहिले, त्यानेच दिग्दर्शित केले. टॉमच्या मनात जाता येत नाही म्हटल्यावर त्याने आपल्याला टॉमच्या कष्टांत ओढलं. तिसरा भाग आठव. समुद्र, होडी, प्रेत, नांगराचा दोर, आणि कितीतरी वेळ कोणी बोलत नाही. कादंबरीत हे मोजक्या पानांत उरकतं. डिकीचा मित्र फ्रेडी, त्याचा खून तर आणखी पटकन: काचेचा जड ॲशट्रे, फटके, झालं. मालिकेत त्यानंतर रक्त पुसणं आहे, प्रेत जिन्यावरून खाली ओढणं आहे, आणि सगळं पाहत बसलेलं ते मांजर आहे, जे पुस्तकात नाही. खरं सांग, जिन्यावर डाग राहिला तेव्हा "अरे, तो पूस" असं तुझ्या मनात आलं नाही? माझ्या आलं. हायस्मिथ आपल्याला विचारांनी सामील करून घेते, झेलियन श्रमांनी. तुला संथ वाटलेले भाग मला म्हणूनच सर्वांत थरारक वाटले.

कृष्णधवल चित्रणाबद्दल तुझ्याशी सहमत आहे. छायाचित्रकार रॉबर्ट एल्सविटला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला, दिग्दर्शनासाठी झेलियनलाही. रंग काढून टाकल्यामुळे तो किनारा पर्यटनाच्या जाहिरातीसारखा दिसत नाही; उरतात दगड, पायऱ्या आणि धापा टाकत चढणारा टॉम.

मालिकेने टॉमच्या जोडीला आणलेला चित्रकार काराव्हाज्जो मात्र मला खटकला. १६०६ साली त्याने रोममध्ये माणूस मारला आणि पळाला, हा इतिहास आहे. पण टॉमला त्याच्या शेजारी उभं केलं की टॉमला उगाच मोठेपणा मिळतो. पुस्तकातल्या टॉमचं कलाप्रेम साधं आहे. डिकीच्या मोजक्या चांगल्या वस्तू तो संध्याकाळी एकटा बसून हाताळतो, कारण त्यांमुळे आपण आहोत याची त्याला खात्री पटते. मला हे कितीतरी जास्त बोचतं. पुढे पोलिसांमुळे त्याला पुन्हा टॉम रिप्ले व्हावं लागतं, तेव्हा नवा असतानाही धड नसलेला, तेलकट डागांचा, बिनइस्त्रीचा सूट अंगावर चढवल्यासारखं त्याला वाटतं. डिकीसाठी नाही, पण स्वतःच्या नावाकडे परत जाताना त्याचा जीव तुटतो.

डिकीची मैत्रीण मार्ज, तिच्याबद्दल थोडक्यात. डकोटा फॅनिंगची मार्ज पहिल्या दिवसापासून टॉमला ओळखून आहे. कादंबरीत ती टॉमच्या तिरस्कारातूनच दिसते, म्हणून अर्धवट राहते. तिथे मालिका सरस. पण व्हेनिसमध्ये तिला डिकीच्या अंगठ्या सापडतात ते पुस्तकातलं पान जरूर वाच. टॉमने हातात बूट धरलाय, त्याच्या टाचेने तिला मारून नंतर काय सांगायचं ते तो मनात जुळवतोय, आणि ती बोलत राहते. बोलता बोलता तीच ठरवते की डिकीने अंगठ्या काढल्या म्हणजे त्याने जीव दिला असणार. तिचा जीव वाचतो, आणि तो का वाचला हे तिला कधीच कळत नाही.

आता शेवट, ज्यावरून मला तुझ्याशी भांडायचंय. मालिकेत, टॉमलाच डिकी समजत आलेल्या इन्स्पेक्टर राव्हिनीच्या हाती मार्जचं पुस्तक पडतं, त्यात खऱ्या डिकीचा फोटो, आणि त्याचा चेहरा बदलतो. तू म्हणालास, हिशेब चुकता झाला. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांत शेवटी गुन्हेगार सापडायचाच, त्यामुळे ते समाधान मलाही कळतं. हायस्मिथ ते देत नाही. तिचा टॉम ग्रीसला उतरतो, धक्क्यावर त्याला पोलीस दिसतात, पण ते त्याच्यासाठी आलेलेच नसतात. डिकीचा वारसा मिळाला, सगळं निभावलं. मग त्याच्या मनात येतं, यापुढे प्रत्येक बंदरावर आपल्याला पोलीस उभे दिसणार का? अलेक्झांड्रिया, इस्तंबूल, मुंबई, रिओ. हो, त्या यादीत आपली मुंबईही आहे. पुढच्याच क्षणी तो ते झटकतो आणि टॅक्सीवाल्याला सगळ्यांत उत्तम हॉटेलात न्यायला सांगतो. राव्हिनीला सत्य कळलं की भीती बाहेर गेली, पोलीस आणि चोर यांच्यात वाटली गेली. पुस्तकात ती टॉमच्या आतच राहते, आणि पुस्तक मिटल्यावर आपल्याकडेही.

कादंबरी उद्या कुरिअरने पाठवतोय. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. फळांच्या टोपलीपर्यंत आलास की फोन कर, मग तू टॉमला थंड म्हणतोस का ते पुन्हा विचारीन. वहिनींना नमस्कार, चिंगीला खूप आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद