बरगड्यांना प्लेट लावण्याआधी

प्रिय सुहास,

फ्लेल चेस्टला, म्हणजे बरगड्या तुटून छातीचा एक भाग सुटा झालेला असताना, प्लेट लावायची की व्हेंटिलेटरवर वाट पाहायची, असं तू विचारलंस. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन जागी तुटल्या असतील आणि श्वास घेताना सगळी छाती वर येत असताना तेवढाच भाग आत खेचला जात असेल, तर थांबू नकोस. जमल्यास 72 तासांच्या आत ऑपरेशनला घे. उशीर झाला की सूज येते, कॅलस (तुटल्या जागी बनणारं नवं हाड) धरायला लागतो आणि टोकं जुळवता जुळवता दमछाक होते. मात्र पेशंट मुळात डोक्याच्या गंभीर माराने किंवा चेचलेल्या फुप्फुसामुळे व्हेंटिलेटरवर असेल, तर नुसत्या प्लेटने तो सुटणार नाही. ते घरच्यांना आधीच सांग.

सीटीचं थ्रीडी चित्र थिएटरमध्ये समोर लाव. बोटाने चाचपून, बरगड्या मोजून कातडीवर खुणा कर. एका बरगडीची चूक झाली तरी चीर भलतीकडेच जाते. सहसा तिसरी ते दहावी एवढ्याच धरायच्या. पहिल्या दोन खोल, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ. शेवटच्या दोनांचा श्वासाला फारसा आधार नाही. मणक्याला अगदी चिकटून तुटलेली असेल तर सोडून दे, तिथे स्क्रूला जागाच मिळत नाही.

लॅटिसिमस (पाठीचा रुंद स्नायू) कापू नकोस, बाजूला ओढ. सेरेटस (छातीच्या बाजूचा स्नायू) तंतूंच्या दिशेने फाकव. त्याच्या पृष्ठावरून लाँग थोरॅसिक नर्व्ह जाते. ती दुखावली की खांद्याचं पातं कायमचं बाहेर येऊ शकतं. पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) खरवडू नकोस, आणि बरगडीच्या खालच्या कडेला हत्यार नको, तिथे नर्व्ह आणि रक्तवाहिन्या असतात.

खरी कसोटी प्लेट वाकवण्यात आहे. बरगडी नुसती वळत नाही, पिळतेही. आधी मऊ टेम्प्लेट बसव, मग त्याप्रमाणे प्लेट हळूहळू वाकव. ताण देऊन दाबून बसवलेली प्लेट पुढे स्क्रूंना उपटते. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन लॉकिंग स्क्रू (प्लेटमध्येच घट्ट अडकणारे) हवेत, तेही दोन्ही कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचे बाहेरचे कठीण थर, धरणारे. कॅलिपरने बरगडीची जाडी मोज, त्यात प्लेटची जाडी मिळव, मगच लांबी ठरव. आखूड स्क्रू ढिला होतो, लांब स्क्रू फुप्फुसाला टोचतो. ड्रिलला स्टॉप लावल्याशिवाय हात लावू नकोस. कूर्चेत पकड कच्ची असते. तिथपर्यंत जावंच लागलं तर प्लेट स्टर्नमपर्यंत (छातीच्या मधल्या हाडापर्यंत) ने.

बंद करण्याआधी प्लुरातल्या (फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतल्या) रक्ताच्या गाठी धुऊन काढ, सलाइन भरून फुप्फुस फुगवायला सांग, हवा गळते का ते कळायला बुडबुडे बघ आणि छातीत 28 नंबरची नळी ठेव. इरेक्टर स्पायनी ब्लॉकचा (पाठीच्या स्नायूखाली बधिरीचं औषध देण्याचा) कॅथेटर भूलतज्ज्ञाकडून तेव्हाच घालून घे, कारण दुखलं की पेशंट खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. छातीला पट्टा तर अजिबात बांधू देऊ नकोस.

पहिल्या केसचा सीटी आधी मला पाठव, कुठल्या बरगड्या धरायच्या ते दोघं मिळून ठरवू.

तुझा,
अविनाश