झाकण धरता का जरा?

पुणे, २५ जानेवारी

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. वेरूळचे अकरा फोटो मी जपून पुठ्ठ्यात घालून पाठवले आणि त्यावर तुझं म्हणणं काय, तर "यात तू कुठे आहेस? गेला होतास ना नक्की?" गेलो होतो बाबा. मंगळवारी लेणी बंद असतात हे विसरून नेमका मंगळवारीच पोचलो होतो. तो दिवस दौलताबादच्या पायऱ्या चढून गुडघ्यांची वाट लावली आणि बुधवारी सकाळी कैलासापुढे जाऊन उभा राहिलो.

फोटोत मी नाही, कारण कॅमेरा बाबांचा याशिका आहे. तुला आठवतो ना, पोटाशी धरायचा, दोन डोळ्यांचा? एका रोलवर बारा फोटो. रोल, धुणं, स्कॅनिंग असं सगळं धरलं तर एक खटका शंभराच्या घरात जातो. पण पैशाचं तेवढं नाही. तू म्हणशील, चोरीची भीती. तीही नाही. घृष्णेश्वराच्या देवळात कॅमेरा न्यायला बंदी आहे, तेव्हा मी अख्खी बॅग बाहेर बेलफूलवाल्या बाईंकडे ठेवून, शर्ट काढून आत गेलो आणि अर्ध्या तासाने आलो. त्यांचं नावही विचारलं नव्हतं. ओटीवर सोडून आल्यासारखी बॅग तिथेच होती, वर एक मांजर बसलं होतं.

मग कुणी "द्या, तुमचा काढतो" म्हटलं की माझ्या पोटात गोळा का येतो? त्याला कारण पन्हाळा. १९८९ साल, मी नववीत. बाबांना कुणाच्याही हातात कॅमेरा द्यायची भारी हौस. तीन दरवाजापाशी त्यांनी एका भल्या माणसाला तो दिला, कसा धरायचा ते दाखवलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. आता या कॅमेऱ्याची गंमत अशी की बघायचं वरच्या भिंगातून आणि फोटो निघतो खालच्या भिंगातून. त्या माणसाची बोटं खालच्या भिंगावर आली होती. त्याला वरून सगळं स्वच्छ दिसत होतं, त्याचा काय दोष? रोल धुऊन आला तेव्हा मी एकदम ठळक आणि बाबांच्या जागी काळपट ढग. ढगातून त्यांचा एकच हात बाहेर आलेला, माझ्या खांद्यावर. बाबा पोट धरून हसले. मला नाही हसता आलं. त्या कॅमेऱ्यातून निघालेला आम्हा दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो आहे.

तर नाही म्हणायचं, हे ठरलं. पण कसं म्हणायचं? आपल्याकडे "नको" या शब्दाला किंमतच नाही रे. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला आपण पहिल्यांदा "नको" म्हणतो त्याचा अर्थ "वाढ" असाच असतो, आणि फोटोवालेही तेच धरून चालतात. "राहू द्या" म्हटलं की "राहू द्या कशाला, एवढ्या लांब आलात!" "मला फोटोत आवडत नाही" म्हटलं की "अहो, चांगले दिसता की!" एका मावशींनी तर माझी कॉलरसुद्धा नीट केली.

आणि फुकटचा आग्रह असता तर झटकता आला असता. पण बहुतेक वेळा आधी त्यांचाच फोटो मी काढून दिलेला असतो, त्यांच्या मोबाइलवर. गळ्यात असला डबा अडकवलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, याला येत असणार. मग फोटो झाला की परतफेड. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, तशातलं ते. तू नको म्हणालास की भरलेली वाटी हातात घेऊन ती माणसं दारात उभीच राहतात. माझी पंचाईत ती आहे, विन्या.

वेरूळला हेच झालं. जालन्याकडचं एक कुटुंब होतं. पांढरी टोपी, धोतर घातलेले म्हातारबा, त्यांच्या घरच्या आजी, दोन सुना, पोरं. हत्तीच्या शिल्पापाशी सगळ्यांचा मिळून फोटो काढून दिला. म्हातारबा लगेच पुढे. "एकलेच आले का साहेब? द्या इकडं, तुमचा बी काढतो." आणि मी, पन्नाशीचा घोडा, काय बोललो माहितेय? "कॅमेरा बिघडलाय हो."

"आरारा," म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना.

दहा मिनिटांनी मी दक्षिणेच्या बाजूला, रावण खालून कैलास हलवतो त्या शिल्पापुढे. मध्येच सांगतो, तू पाहिलंच पाहिजेस ते. अख्खं देऊळ एकाच खडकात वरून खाली कोरत आणलंय, बाराशे वर्षांपूर्वी, आणि तो डोंगर खालून उपटायला बघणारा रावणही त्याच खडकातला. हिवाळ्यात त्या अंगाला कड्याची सावली असते. उजेड बेताचा, सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं ठेवायचं आणि स्टँड लावायला परवानगी लागते. म्हणून पट्टा मानेवर ताणून, कॅमेरा छातीशी दाबून, श्वास रोखून खटका दाबला. मग कर्रर्र करत दांडी फिरवली, पुढची फ्रेम आणली. मान वर करतो तर म्हातारबा शेजारी.

"सुरू झाला का?"

एवढंच. रागाचा सूर नाही, टोमणा नाही. खरंच विचारत होते की काय, मला आजही कळलेलं नाही. तिथे रावणाच्या शेजारी गाडून घ्यावंसं वाटलं.

म्हटलं, आता खरं सांगू. "बिघडला नव्हता काका. वडिलांचा आहे, दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही." त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मग तसं सांगायचं नं." मी वरचं झाकण उघडून आत बघायला सांगितलं. त्यांनी टोपी सावरली, वाकले. आत डावं ते उजवं दिसतं, तुला माहीत आहे. नातू उजवीकडे चालला की काचेत डावीकडे जायचा. म्हातारबा "अरे, उलटा चालला ह्यो!" म्हणून असे हसले की सुना धावत आल्या. मग आजी, मग पोरं, मग कुठल्याशा शाळेच्या सहलीतली आठ-दहा मुलं. कॅमेरा सगळा वेळ माझ्याच गळ्यात, आणि मी त्या रांगेपुढे बाहुली दाखवणाऱ्यासारखा उभा.

तरी वाटी भरायची राहिलीच होती. म्हातारबा जागचे हलेनात. तेव्हा मला सुचलं. भिंगांचं काळं झाकण असतं ना, दोन्ही भिंगांना मिळून एकच, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं? ते एरवी मी खिशात टाकतो. ते त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हे झाकण धरता का जरा? माझं काम होईस्तोवर." असे खूश झाले! तीर्थ घेताना करतात तसा हात पुढे केला. पुढचे चार फोटो काढेपर्यंत ते दोन पावलं मागे, मूठ मिटून माझ्याबरोबर. मध्येच एक पोरगं फ्रेममध्ये घुसत होतं, त्याला त्यांनीच दम दिला. तुला आवडला म्हणालास तो ध्वजस्तंभाचा फोटो त्यातलाच. बाहेर पडल्यावर आजींनी शेंगदाण्याचे दोन लाडू हातावर ठेवले, म्हणजे वाटी उलट माझ्याकडेच आली.

पुढच्या दोन दिवसांत हे मी आणखी तिघांवर करून पाहिलं. एकाला छत्री धरायला दिली, एका जोडप्याला म्हटलं, सूर्य ढगाबाहेर आला की ओरडा. कॉलेजच्या एका मुलीने तर मोबाइलवर उजेड मोजून दिला. बाबांचं मीटर कधीच मेलंय, मी अंदाजानेच चालवतो, त्यामुळे ती मदत चक्क कामाची निघाली. "तुमचा काढू का?" परत कुणी म्हणालं नाही.

आता तुझ्याकडे एक काम. फोर्टात किंवा चोरबाजारात जाणं झालं तर याशिकाचं झाकण मिळतं का बघ. लाडू घेतले, नमस्कार झाले, त्यांची गाडी निघून गेली आणि रात्री लॉजवर बॅग आवरताना लक्षात आलं की झाकण म्हातारबांच्या मुठीत गेलं, जालन्याला. फोन नंबर घेतला नव्हता, गावही नीट विचारलं नव्हतं. सध्या भिंगांवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा रबराने बांधलाय. मिळालं तर भाव न करता घे, पैसे देतो.

वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
मध्या