रोबोट, दुर्बीण आणि विम्याची मर्यादा

रविवारच्या पुरवणीतील रोबोटिक शस्त्रक्रियेवरील लेख वाचला. छोटे छेद, कमी रक्तस्राव, लवकर घरी जाणे हे फायदे खरेच आहेत. पण लेखातली तुलना पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी आहे. यातले बहुतेक फायदे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतून कित्येक वर्षे मिळत आहेत, तेही कमी खर्चात. पित्ताशयातील खड्यांसाठी रोबोट सुचवला गेला, तर ‘दुर्बिणीने का नको?’ हे रुग्णाने विचारायलाच हवे.

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाची गोष्ट वेगळी. ओटीपोटाच्या तळाशी हाडांच्या बेचक्यात जागा अरुंद. तिथे मनगटासारखी वळणारी उपकरणे आणि त्रिमितीय दृश्य कामी येते. माझ्या थोरल्या भावाची ही शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. दुसऱ्याच दिवशी लघवीची पिशवी हातात धरून तो वॉर्डात फेऱ्या मारत होता. (यंत्र स्वतःहून कापत नाही, नियंत्रणाच्या मेजावर बसलेला सर्जनच ते चालवतो, हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत पटत नव्हते!)

धक्का बसला तो बिल भरताना. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळण्यास मनाई केली होती. मात्र तिच्या रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना दिली होती. आमच्या पॉलिसीत ही मर्यादा आतल्या पानावर बारीक अक्षरांत होती. लेखात खर्चाबद्दल एक ओळही नाही. दाखल होण्यापूर्वीच रोबोटचा वेगळा खर्च आणि विम्यातून मिळणारी रक्कम लेखी मागून घ्यावी, एवढे तरी पुढच्या लेखात यावे.

– एक वाचक, सातारा